नाशिक मनपाच्या प्रभागातल्या उमेदवारांची ऑनलाइन चर्चा ठेवायची आहे. किती जणांना बोलवावं आणि वेळ कसा वाटावा?

एका वेळी एकाच जागेचे उमेदवार घ्या, तेही जास्तीत जास्त पाच, आणि कार्यक्रम तासाभरात संपवा. नाशिकमध्ये 31 प्रभागांत 122 नगरसेवक आहेत, म्हणजे बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे, आणि प्रत्येक सदस्याची जागा वेगळी: अ, ब, क, ड. अ जागेचा उमेदवार ब जागेवाल्याशी लढतच नसतो. दोघांना समोरासमोर बसवलं की नुसतं एकमेकांचं कौतुक ऐकावं लागतं. तारीख अर्जमाघारीनंतरचीच धरा, आधी ठरवलेली यादी हमखास बदलते.

पाच जणांचा हिशोब असा:
- ओळख 2 मिनिटं, एकूण 10
- चार प्रश्न, प्रत्येकाच्या प्रत्येक उत्तराला दीड मिनिट, एकूण 30
- समारोप 1 मिनिट, एकूण 5

उरलेली पंधरा मिनिटं निवेदकाची आणि तांत्रिक गोंधळाची. प्रश्न नेमके हवेत. ‘विकास कसा कराल?’ नको; ‘गोदावरीतली पाणवेली काढण्याचं काम कोणाकडे आणि वर्षातून किती वेळा?’ असं विचारा. बोलण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून, सगळ्यांसमोर. माइक चालू-बंद करणं निवेदकाच्याच हातात ठेवा, नाहीतर दुसऱ्याच प्रश्नाला तिघे एकदम बोलतात. उमेदवार प्रचाराच्या गाडीतून जोडला गेला की आवाज तुटतो, म्हणून घरी किंवा कार्यालयात बसण्याची अट आधीच लेखी घ्या. ‘साहेबांऐवजी मी बोलतो’ म्हणणारा कार्यकर्ता चालणार नाही, हेही त्यातच लिहा.

मात्र आचारसंहिता लागू असते. परवानगी आणि प्रचाराची शेवटची वेळ निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडून लेखी घेऊनच तारीख जाहीर करा.