आजीचं गुऱ्हाळ, नातवाचा जॅम

पुण्याच्या एका ताईंनी विचारलंय ते थोडक्यात असं. मुलगा शिकायला अमेरिकेत, व्हर्मांटला. तिथं त्याला फिश नावाच्या बँडचा नाद लागला. सुट्टीत घरी आला की हॉलमध्ये पंचवीस-पंचवीस मिनिटांचं एकेक गाणं लावून बसतो. सासूबाई कोल्हापूरकडच्या. त्या आतून ओरडतात, ‘‘बंद कर रे ते गुऱ्हाळ!’’ आणि रात्री नऊला त्याच सासूबाईंनी बातम्या लावल्या, चर्चा सुरू झाली, की नातू म्हणतो, ‘‘आजी, गुऱ्हाळ ते नव्हे, हे.’’ ताईंना विचारायचंय की दोघांत बरोबर कोण, हे बँडवाले आधी न ठरवता गाणं वाढवत नेतात त्या ‘जॅम’ला मराठीत काय म्हणायचं, आणि मुलगा ज्यांचं सारखं नाव घेतो त्या ‘डेडहेड’ मंडळींना काय.

मी शिरोळ भागातला. गुऱ्हाळाची बदनामी झाली की मला गप्प बसवत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच.

दिवाळी सरली की आमच्याकडे गुऱ्हाळं पेटायची. चरकातून निघालेला रस काहिलीत पडायचा, खाली चुलवाणात वाळलेल्या चिपाडांचा जाळ. रस उकळू लागला की त्यात भेंडीचं चिकट पाणी घालायचं, मळी वर आली की ती झाऱ्यानं काढून टाकायची. तासन् तास हेच. आम्ही पोरं काकवीच्या आशेनं कडेला उभी. आम्हाला काय दिसायचं? वाफ आणि ढवळणं, आणि पुन्हा ढवळणं. पण गुळव्याचं लक्ष बुडबुड्यांवर असायचं. मध्येच तो चिमूटभर पाक थंड पाण्यात सोडायचा, बोटांत गोळी वळून बघायचा, आणि एका क्षणी ओरडायचा, ‘‘उतरा!’’ त्या क्षणाच्या जरा अलीकडे ती काकवी, जरा पलीकडे गेलं की गूळ करपला. चार-पाच जणांनी मिळून उचललेली काहील वाफ्यात रिकामी व्हायची आणि एक आधण संपायचं.

आता सांगा, या कामाचं नाव रटाळ बोलण्याला का चिकटलं असेल? माझा तर्क असा की म्हण कडेला उभ्या असलेल्यानं पाडली, गुळव्यानं नव्हे. कडेच्याला फक्त चरकाचं गोल गोल फिरणं दिसतं.

आणि गुऱ्हाळ एकटं नाही. लांबलेल्या, निष्फळ बोलण्याला आपण काय काय म्हणतो बघा : चऱ्हाट, दळण, काथ्याकूट. सगळी कष्टाच्या कामांची नावं! काथ्या कुटला की त्याचा दोर होतो. चऱ्हाट वळलं की विहिरीतून मोट निघते. दळण दळलं की भाकरी होते, आणि वर ओव्या मिळतात त्या वेगळ्याच. ‘जात्यावर बसलं की ओवी सुचते’ ही म्हण तर ताईंच्या मुलानं वहीत लिहून ठेवावी, कारण जॅम म्हणजे नेमकं तेच. हात एका ठेक्यात फिरत असतो, काय म्हणायचं ते आधी ठरलेलं नसतं, आणि फिरता फिरता ओळ सुचते.

दुसरीकडे राजकारणाच्या बातम्यांनी काय उचललंय? संगीत. दोन पुढारी एकमेकांवर घसरले की मथळा येतो ‘कलगीतुरा रंगला’. हसून बोलले तर ‘जुगलबंदी’. पक्षात कुरकुर असेल तर ‘नाराजीचा सूर’, समेट झाला तर ‘सूर जुळले’. कार्यकर्ता नेत्याची ‘री ओढतो’, विरोधक ‘तेच तुणतुणं वाजवतो’, खुलाशाचं ‘पालुपद’ ठरलेलं. तिकिटासाठी राजधानी गाठली की ‘दिल्लीवारी’. चंद्रभागेचं वाळवंट बघितलेल्या माणसाला तो शब्द वाचून काय वाटत असेल, ते असो.

मला सगळ्यांत चीड येते ती ‘कलगीतुऱ्या’ची. कलगीवाले शक्तीच्या बाजूचे, तुरेवाले शिवाच्या. एका फडानं कवनात कोडं घालायचं, समोरच्यानं ते आधी सोडवायचं आणि मग आपलं घालायचं. उत्तर नाही आलं तर हार. म्हणजे समोरच्याचं शेवटच्या शब्दापर्यंत ऐकणं हा त्या खेळाचा नियमच आहे. रात्री नऊला सहा चौकटींत सहा माणसं एकाच वेळी बोलतात आणि सातवा, जो सूत्रसंचालक, तो त्या सगळ्यांवर ओरडतो, त्याला कलगीतुरा म्हणायचं? गेली दोन वर्षं मी त्या वेळेला टीव्हीचा आवाज बंद करून ठेवतो. चित्र तेवढं चालू, कारण घरात बाकीच्यांना खालची पट्टी वाचायची असते. आणि कानात ग्रेटफुल डेड, फिशसारखाच गाणी लांबवणारा जुना बँड. म्हणजे हो, ताई, या बाबतीत मी तटस्थ पंच नाही.

आता जॅम. ग्रेटफुल डेड हा कॅलिफोर्नियातला बँड, 1965 मध्ये सुरू झाला. त्यांचं ‘डार्क स्टार’ हे गाणं 1968 मध्ये छोट्या तबकडीवर आलं तेव्हा तीन मिनिटांचंही नव्हतं. पुढच्या वर्षी ‘लाइव्ह/डेड’ या ध्वनिमुद्रिकेत तेच गाणं 23 मिनिटांचं झालं. शब्द वाढले नाहीत, वाढली ती मधली जागा. ख्यालाची बंदिश दोन ओळींची असते आणि मैफल तासाची, हे आपल्याला नवं नाही. त्यांनाही आपलं अगदीच नवं नव्हतं : त्यांचा तालवादक मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँकडे शिकला आणि मुंबईत जन्मलेल्या झाकीर हुसेनांबरोबर त्यानं 1976 मध्ये ‘दिगा’ नावाची मुद्रिका काढली. डेडचं अकरा मात्रांत बांधलेलं एक गाणं आहे, त्याचं नावच ‘द इलेव्हन’.

पण ताईंच्या मुलाचा बँड फिश, म्हणून त्यांचा एक सराव सांगतो. चौघे बसतात. एक जण छोटा तुकडा वाजवायला लागतो, बाकीचे तिघे आपापला तुकडा त्यात बसवतात. मग प्रत्येकानं उरलेल्या तिघांकडे कान द्यायचा. कुणाची शोधाशोध अजून चालू आहे, कुणाचं जागेवर आलं? सगळे जागेवर आले असं ज्याला वाटेल त्यानं तोंडानं म्हणायचं, ‘हे!’ चौघांचं ‘हे’ एकाच वेळी आलं तर खरं. एखाद्याचं आधी आलं, तर तो दुसऱ्याचं ऐकतच नव्हता, स्वतःतच रमला होता. मग पुढचा तुकडा दुसऱ्यानं सुरू करायचा. असं त्यांनी तासन् तास घोटलंय.

यावरून कळेल की ‘जुगलबंदी’ हा शब्द इथं का बसत नाही. तिच्यात दोघांची चढाओढ असते. ‘सवाल-जवाब’ही नाही, कारण कुणी थांबून कुणाची वाट बघत नाही, चौघे एकदमच वाजवत असतात. ख्यालातला ‘बढत’ जवळचा, पण तिथं मुख्य गायक एक आणि बाकीचे साथीला. मला त्यातल्या त्यात ‘उपज’ आवडतो. आधी न ठरवता जागच्या जागी उगवलेलं ते उपज, आणि शेतातल्या उपजेशी नातं आहे ते वेगळंच. मात्र नाम शोधत बसण्यापेक्षा मराठीत क्रियापद वापरलेलं बरं : ‘आज त्यांनी अमुक गाणं रंगवलं’, ‘तमुक गाणं वाढवलं’. चाहत्यांच्या बोलीत जॅमचे दोन प्रकार आहेत, टाइप वन आणि टाइप टू. पहिल्यात गाण्याची चौकट सुटत नाही, दुसऱ्यात सुटते. पहिल्याला म्हणा ‘गाण्यातच रंगले’, दुसऱ्याला ‘गाणं सोडून निघाले’. आणि नुसती बोटं फिरतायत, पोचायचं कुठंच नाही, अशा वादनाला तिकडे नावं ठेवतात, त्याला ‘घोळ’ म्हणायला माझी हरकत नाही. ओळ ओठांवर घोळते ती चांगली, घोळ घातला तो वाईट, दोन्ही एकाच घरातले.

शब्दाच्या लेखनाचं एक सांगून टाकतो. वाजवतात तो ‘जॅम’, पावाला लावतात तोही ‘जॅम’. ‘जाम’ वेगळा. तो रस्त्यावर होतो, झाडाला लागतो, गझलेत फारसीतून भरून येतो, आणि मुंबईकराच्या तोंडी ‘जाम भारी’, ‘जाम बोअर’ असा काहीही अतिशय करून टाकतो. एकाच इंग्रजी शब्दाची आपण अशी सोय लावली की अडकलं ते ‘चक्का जाम’ आणि सुटलं ते ‘जॅम’. एक मात्रा इकडची तिकडे झाली की गाडी थांबते.

डेडहेड. ग्रेटफुल डेडच्या चाहत्यांना हे नाव आहे, तेव्हा ताई, तुमचा मुलगा फिशचा चाहता असून स्वतःला डेडहेड म्हणवत असेल तर जुनी मंडळी नाक मुरडतील. इंग्रजीत हा शब्द त्या आधीचा आहे : तिकीट न काढता नाटकाला येऊन बसणारा तो डेडहेड, आणि माल उतरवून रिकामी परत येणारी गाडीही डेडहेडच. तेव्हा शब्दशः भाषांतराच्या फंदात पडू नका, ‘मृतमस्तक’ वगैरे निघेल. ‘वारकरी’ म्हणावं असं पुष्कळांच्या मनात येतं, कारण ही माणसं बँडच्या मागे या शहरातून त्या शहरात जातात, कार्यक्रमाच्या मैदानाबाहेर गाड्यांच्या तळावर खाणंपिणं, कपडे, सगळा बाजार मांडतात. पण वारीला पंढरपूर आहे आणि आषाढी आहे. इथं ना ठरलेलं गाव, ना तिथी, ना कुणी माळ घातलेली.

माझं मत सरळ आहे : नादखुळा. मराठीत ‘नाद’ म्हणजे गुंजणारा आवाज आणि ‘नाद’ म्हणजे लागलेलं वेड. या माणसांना पहिल्याचाच दुसरा झालेला असतो. त्यात शब्द कोल्हापूरचा, आजींच्या माहेरचा. डेडच्या मंडळींनी 1984 पासून ध्वनिमुद्रण करणाऱ्या श्रोत्यांना बसायला वेगळी जागाच करून दिली होती. माइकचे उंच दांडे लावून, श्वास रोखून बसलेली ती माणसं, आणि मग पोस्टानं कॅसेटींची देवघेव. कॉर्नेल विद्यापीठातला 8 मे 1977 चा कार्यक्रम तर पुढे अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयानं जतन करण्याच्या मुद्रणांत घेतला. नादखुळा नाही तर काय म्हणाल?

तुमच्या मुलाचा बातम्यांवरचा राग मला कळतो, आणि तो त्या गोतावळ्यात नवा नाही. 31 डिसेंबर 1999 ची रात्र. फिश फ्लोरिडात मोकळ्या रानात वाजवत होते आणि एबीसी या वाहिनीनं सहस्रकाच्या प्रक्षेपणात त्यांचं एक गाणं थेट दाखवलं. गिटारवाल्या ट्रे अनास्तासिओनं लोकांना आधीच सांगून ठेवलं होतं : गाणं संपलं की टाळ्या नकोत, सगळ्यांनी मिळून ‘चीजकेक’ म्हणून ओरडायचं. देशभरच्या टीव्हीवर हजारो माणसं ‘चीजकेक, चीजकेक’ ओरडताना दिसली. मग कॅमेरे गेले, पण मध्यरात्रीच्या सुमारास वाजवायला बसलेला बँड सूर्य उगवेपर्यंत वाजवत राहिला. सात तासांहून जास्त.

याचा अर्थ ही मंडळी राजकारणापासून लांब आहेत असा नव्हे. ज्या बर्लिंग्टन गावात 1983 मध्ये फिश सुरू झाला तिथं तेव्हा महापौर होते बर्नी सँडर्स, 1981 मध्ये अवघ्या दहा मतांनी निवडून आलेले. फिशचा ड्रमर जॉन फिशमन 2016 मध्ये सँडर्सच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात उतरला आणि 2017 मध्ये मेन राज्यातल्या लिंकनव्हिल गावाच्या कारभारी मंडळावर स्वतः निवडून आला. ग्रामपंचायत सदस्यच म्हणा ना. डेडचे हयात वादक 2008 मध्ये ओबामांसाठी एकत्र येऊन वाजवले. आणि त्याच डेडचे नादखुळे कोण कोण? व्हर्मांटचे माजी डेमोक्रॅट सिनेटर पॅट्रिक लेही, आणि टीव्हीवर उजव्या बाजूनं भांडणारे टकर कार्लसन आणि अ‍ॅन कोल्टर! ही माणसं एका पडद्यावर आणून बसवली तर काय होईल ते सांगायला नको. एका गाण्याला ती तिघंही मान डोलवत असतील, हे मात्र शक्य आहे. बँडनं राजकारणावर तोंड उघडलं की निम्मे चाहते म्हणतात, गपचूप वाजवा. नाही उघडलं की उरलेले निम्मे म्हणतात, आता तरी बोला.

आता निकाल. आजींचा शब्द बरोबर, फक्त त्यांनी तो शिवीसारखा वापरला. फिशचं ते गुऱ्हाळच आहे : चौघे एका काहिलीभोवती, मळी काढत, एकमेकांच्या हाताकडे बघत, आणि कधी उतरायचं ते चौघांनाही एकदम कळणारं. नातवाचा राग बरोबर, पण गुऱ्हाळ म्हणून त्यानं टीव्हीला उगाच मोठेपणा दिला. टीव्हीवरच्या प्रकाराला आजींच्याच मुलखात चोख शब्द आहे, ‘कालवा’. पुण्यात तो पाटबंधारे खात्याचा वाटेल, पण तिकडे ‘पोरांनो, कालवा करू नका’ म्हटलं की पाण्याचा संबंध नसतो. सगळे बोलतात आणि कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, तो कालवा.

एक करून बघा. एखाद्या दुपारी आजींना ते 23 मिनिटांचं ‘डार्क स्टार’ लावून द्या. जॅम, बँड असलं काही सांगू नका. एवढंच सांगा की आधण लावलंय, गूळ कधी होतो ते तुम्ही ओळखा. त्या मध्येच ‘‘आता उतरा’’ म्हणाल्या तर कितव्या मिनिटाला म्हणाल्या, ते मला कळवा. माझा एक अंदाज आहे, ताडून बघायचाय.