गळ झटकू नका : टेक्सासच्या रेडफिशबद्दल वाचकांचे प्रश्न

टेक्सासच्या खाड्यांमध्ये गाइड घेऊन रेडफिशच्या मासेमारीला जाणाऱ्या मराठी कुटुंबांकडून आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : ह्यूस्टनच्या भावाने रेडफिशचा फोटो पाठवला. रंग तांबूस. आपली तांबोशी हीच का? (अलिबाग)

नाही. तांबोशी स्नॅपर कुळातली. रेडफिशचं पूर्ण नाव रेड ड्रम आणि तो आपल्या घोळ-धोम्याच्या कुळातला. घोळीची भोत ज्यांनी हाताळली आहे त्यांना ‘ड्रम’ हे नाव लगेच कळेल. पोटातल्या त्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून हा मासा ढोलासारखा घुमतो. विणीच्या दिवसांत नरांचा आवाज खूप वाढतो. ओळखायची खूण म्हणजे शेपटीच्या बुंध्याशी असलेला काळा ठिपका. कधी एकच असतो, कधी चार-पाच. त्याच पाण्यातला ब्लॅक ड्रम रंगाने फसवू शकतो, पण त्याच्या हनुवटीखाली मिशा असतात, रेडफिशला नसतात.

प्रश्न : आम्ही दोघं आणि १० व १४ वर्षांची मुलं. बोट ठरवण्यापूर्वी कॅप्टनला काय काय विचारावं? (ह्यूस्टन)

पहिला प्रश्न बोटीचा. चौघांसाठी २२ ते २४ फुटांची बे बोट, म्हणजे खाडीत चालणारी रुंद बोट, हवी. गवताळ उथळ पाण्यात बांबूने ढकलत नेतात ती छोटी स्किफ दोघांपुरतीच असते. तिच्यात चौघं बसलात तर ती खाली बसेल आणि जिथे मासा आहे तिथे पोचणारच नाही. दुसरा प्रश्न परवान्याचा. कॅप्टनकडे अमेरिकी कोस्ट गार्डचा परवाना असावा लागतो. त्यातला नेहमीचा परवाना जास्तीत जास्त ६ प्रवाशांचा असतो, म्हणून त्याला ‘सिक्स-पॅक’ म्हणतात. शिवाय राज्याचा गाइडचा परवाना वेगळा.

तुमचा स्वतःचा परवानाही लागतो, आणि इथेच बरेच जण चुकतात. फ्लोरिडात चार्टर बोटीच्या परवान्यात गिऱ्हाईक धरलेलं असतं. टेक्सासमध्ये तसं नाही. गाइड असला तरी १७ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाकडे खाऱ्या पाण्याचा समावेश असलेला परवाना हवा. एका दिवसाचाही मिळतो. मुलांना परवाना नको, पण २६ फुटांहून लहान बोटीवर १३ वर्षांखालच्या मुलाने बोट चालू असताना लाइफ जॅकेट घालायलाच हवं. तुमच्या धाकट्याच्या मापाचं जॅकेट बोटीवर आहे का, हे आधी विचारा. मोठ्यांचं सैल जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं.

दर माणशी नसून बोटीचा असतो. त्यात आमिष, बर्फ, इंधन आणि मासे साफ करणं येतं का, तेही स्पष्ट करून घ्या. १५ ते २० टक्के टिप देण्याची पद्धत आहे. मुलांसाठी अर्धा दिवस, म्हणजे चार तास, भरपूर झाले. काळ्या तळव्याचे बूट नकोत, डेकवर डाग पडतात. सनस्क्रीन लावल्यावर साबणाने हात धुऊनच आमिषाला हात लावा. डब्यात केळी मात्र नेऊ नका. बोटीवर केळं अशुभ ही तिथल्या दर्यावर्दींची जुनी समजूत आहे आणि पुष्कळ कॅप्टन ती पाळतात.

प्रश्न : कॅप्टन ओरडला, “अकरा वाजता, चाळीस फूट!” मी आमिष बरोबर माशावर टाकलं आणि तो पळाला. दुसऱ्याने आमिष घेतलं, मी जोरात झटका दिला, गळ रिकामा आला. दिवसभर हेच. चूक कुठे झाली? (ऑस्टिन)

चुका दोन आहेत. दोन्ही सुधारता येतात, पण बोटीवर चढण्याआधी.

‘अकरा वाजता’ हे घड्याळ बोटीचं असतं. बोटीचं नाक म्हणजे बारा, डावीकडे काटकोनात नऊ, उजवीकडे तीन. तुमचं तोंड कुठेही असो, नाक हेच बारा. ऐकल्यावर आधी रॉड त्या दिशेला रोखा. “आणखी डावीकडे” असं कॅप्टनने सांगितलं की तेवढा सरकवा, आणि स्वतःला मासा दिसल्याशिवाय फेकू नका. त्यासाठी पोलराइज्ड चष्मा हवा, तोही तांबूस किंवा अंबर काचेचा. गढूळ, गवताळ तळावर करड्या काचेतून मासा उठून दिसत नाही.

आता फेक. आमिष माशावर टाकायचं नसतं. चालत्या माशाच्या चार-पाच फूट पुढे आणि तेवढंच पलीकडे टाकायचं, मग ओढत त्याच्या वाटेवर आणायचं. कारण साधं आहे. कोळंबी किंवा चिंबोरी शिकाऱ्यापासून लांब पळते, त्याच्या अंगावर चालून जात नाही. आमिष माशाकडे सरकताना दिसलं की अर्ध्या मीटर पाण्यातला रेडफिश बिचकतो. शेपटी पाण्याबाहेर काढून, तोंड चिखलात खुपसून चिंबोऱ्या उकरणारा मासा मात्र वेगळा. त्याला आजूबाजूचं फारसं दिसत नाही, म्हणून तिथे फूट-दोन फुटांवर हळूच टाकलं तरी चालतं. सराव घरच्या अंगणात करा. ३० आणि ४० फुटांवर ताट ठेवा, त्यात वजन पाडायचा प्रयत्न करा. वारा समोरून आणि बाजूने असतानाही करा, कारण खाडीवर वारा असतोच.

दुसरी चूक झटक्याची. रेडफिशचं तोंड खालच्या बाजूला असतं आणि तो आमिष तळाशी वाकून उचलतो. रॉड वर झटकला की आमिष तोंडातून निसटतं. त्यातून गळ सर्कल हुक असेल तर झटका म्हणजे मासा घालवण्याची खात्री. त्या गळाचं टोक आत वळलेलं असतं. मासा आमिष घेऊन वळला आणि तंगूस (गळाची दोरी) ताठ झाला की गळ सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप रुततो. तुम्ही फक्त रीळ फिरवायचं, वजन जाणवेपर्यंत. जिगचा, म्हणजे शिशाच्या वजनाच्या नकली आमिषाचा, साधा गळ असेल तर तंगूस ताणून घ्या, वजन लागू द्या आणि मग रॉड आडवा, बाजूला ओढा. कोणता गळ लावला आहे ते प्रत्येक वेळी कॅप्टनला विचारा.

सामान बहुधा त्याचंच असतं. ७ फुटी मध्यम रॉड, ३००० ते ४००० आकाराचं स्पिनिंग रीळ, २० पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेला तंगूस, आणि पुढे दीड-दोन फूट २० ते ३० पौंडी फ्लुरोकार्बनचा पारदर्शक तंगूस. ड्रॅग, म्हणजे माशाने ओढल्यावर तंगूस सुटू देणारा रिळाचा ब्रेक, ५-६ पौंडांवर ठेवतात. मासा पळत असताना रीळ फिरवू नका. ड्रॅग सरकतो, मासा येत नाही आणि ब्रेडला पीळ बसतात. तळाशी कालवांचे खडक असतील तर रॉड उंच धरा, नाहीतर कवचाच्या धारेवर ब्रेड कापला जाईल. बोट दिसली की तो शेवटची धाव मारतो, तिची तयारी ठेवा.

फेक जमतच नसेल तर कॅप्टनला पॉपिंग कॉर्क, म्हणजे ओढल्यावर आवाज करणारा तरंगता बुडबुडा, लावायला सांगा. कॉर्कखाली दीड-दोन फुटांवर जिवंत कोळंबी. सैल तंगूस गोळा करा, एकदा ‘बुळ्ळ’ आवाज येईल असा हिसका द्या, दहा सेकंद थांबा. त्यात कमीपणा काहीच नाही. मुलांसाठी तर हाच उत्तम मार्ग.

प्रश्न : आईबाबा पुण्याहून आले होते म्हणून जानेवारीत भरती बघून दिवस ठरवला. कॅप्टनने आदल्या दिवशी रद्द केलं, “खाडीत पाणीच नाही” म्हणाला. हे खरं असू शकतं? (सॅन अँटोनियो)

अगदी खरं. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरच्या वर फरक पडतो, तिथे वेळापत्रक हेच सर्वस्व. टेक्सासच्या खाड्यांत हा फरक बहुतेक फूटभराच्या आसपास, म्हणून तिथे वारा भरतीवर मात करतो. हिवाळ्यात थंड लाटेबरोबर उत्तरेचा जोरदार वारा येतो आणि उथळ खाडीतलं पाणी समुद्राकडे लोटतो. फूटभर पाण्याचा पट्टा सकाळी नुसता चिखल होऊन बसतो. कॅप्टनने बोट न काढून तुमचे पैसे वाचवले.

थंडीच्या लाटेनंतर दोन दिवस जाऊ द्या. पाणी कमी असताना मासे खोल नाळ्यांमध्ये गोळा होतात, आणि ऊन पडलं की दुपारी काळ्या चिखलाच्या उथळ भागात ऊब घ्यायला येतात. पुढच्या खेपेला आईबाबांना सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये बोलवा.

प्रश्न : गॅल्व्हस्टनच्या जेटीजवळ मोठे ‘बुल रेड’ मिळतात म्हणे. ते घरी आणता येतात का? (डॅलस)

टेक्सासमध्ये २० ते २८ इंचांचे, माणशी दिवसाला ३ रेडफिश ठेवता येतात. गाइडचा वाटा त्यात धरत नाहीत, म्हणजे तीन गिऱ्हाइकांच्या बोटीवर ९. २८ इंचांवरचा ठेवायचा तर परवान्यासोबतचा टॅग लावावा लागतो. लुइझियानात नियम वेगळा: जून २०२४ पासून १८ ते २७ इंच, दिवसाला ४, त्याहून मोठा एकही नाही.

टॅग असला तरी मोठा मासा सोडून द्या, असं आमचं स्पष्ट मत आहे. रेडफिश पहिली तीन-चार वर्षं खाडीत वाढतो, मग समुद्रात जातो आणि शरद ऋतूत खाडीच्या मुखांशी अंडी घालायला येतो. जेटीवरचे ते मोठे मासे म्हणजे तीच विणीची जमात, त्यातले काही ३० वर्षांच्या वरचे. १९८० च्या दशकात न्यू ऑर्लीन्सचे शेफ पॉल प्रूडोम यांच्या ‘ब्लॅकन्ड रेडफिश’ या पदार्थाने अमेरिकेला वेड लावलं आणि मोठ्या जाळ्यांनी समुद्रातले हे कळपच्या कळप उपसले गेले. अखेर मेक्सिकोच्या आखातातल्या, संघराज्याच्या हद्दीतल्या पाण्यात रेडफिश पकडून ठेवण्यावर बंदी आली. टेक्सासने विक्री त्याआधीच, १९८१ साली बंद केली होती.

सोडतानाही तो मरू शकतो. हात ओले करा. जबड्याला धरून उभा लटकवू नका, आतले अवयव आणि मणका दुखावतो. एक हात पोटाखाली द्या. गळ खोल गेला असेल तर उपटू नका, तंगूस कापा. मग तोंड प्रवाहाकडे करून शेपटीला धरून ठेवा. स्वतः जोर करून हात सोडवून घेईल तेव्हाच सोडा. उन्हाळ्यात गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो, तेव्हा तर सगळं एका मिनिटात आटपा.

त्याच आमिषावर शिंगाळ्याचा तिथला भाऊ, हार्डहेड, हमखास लागतो. पाठीचा आणि बाजूच्या परांचा काटा विषारी असतो, त्याला हात न लावता पक्कडीनेच गळ काढा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवा आणि डॉक्टरांना दाखवा. पाण्यात उतरून चालणार असाल तर पाय उचलू नका, घासत चला, म्हणजे वाळूतला पाकट आधीच सरकेल.

प्रश्न : कालवण चांगलं होईल का? (केटी)

होईल. चार-पाच पौंडांचा मासा घ्या. पकडल्याबरोबर बर्फ आणि खाऱ्या पाण्याच्या लगद्यात ठेवायला सांगा. कायद्याने डोकं-शेपूट किनाऱ्यावर पोचेपर्यंत काढता येत नाही, म्हणून साफसफाई धक्क्यावरच होते. तिथे कॅप्टन फक्त दोन फिलेट (दोन्ही बाजूंचे बिनकाट्याचे तुकडे) काढतो आणि डोकं, गळ्याचा भाग, मधला काटा पेलिकनांना टाकतो. सुरी चालवण्याआधीच सांगा की डोकं आम्हाला हवं. कल्ले काढून टाका, डोक्याचे दोन भाग करा. चिंच किंवा आमसुलाच्या कालवणात रस्सा त्यानेच दाट होतो. फिलेटच्या मधली गडद लाल पट्टी मात्र कापून टाका, उग्र वास तिचाच असतो. एक फिलेट खवल्यांसकट ठेवायला सांगा. मीठ, हळद, तिखट, लसूण लावून खवल्यांची बाजू खाली ठेवून जाळीवर भाजा आणि उलटू नका. साधारण १५-२० मिनिटांत मांस खवल्यांच्या वाटीतून चमच्याने निघतं.