बॅटवरचं ‘सी २७१’ म्हणजे काय?

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. तो शाळेकडून सॉफ्टबॉल खेळतो, यंदा बेसबॉलच्या संघातही त्याची निवड झाली. माझ्या भावाने अमेरिकेहून त्याच्यासाठी एक वापरलेली लाकडी बॅट आणली आहे. तिच्यावर लुईव्हिल स्लगर या बॅट बनवणाऱ्या कंपनीचा शिक्का, त्याखाली इंग्रजीत ‘सी २७१’, मुठीच्या बुडाला ‘३३’ आणि मुठीच्या जरा वर शाईचा काळा ठिपका आहे. मुलगा म्हणतो, २७१ हे वजन. खरं काय? – एक आई, विटा

उत्तर : ताई, २७१ हे वजन नाही. ही कंपनी मॉडेलला नाव देताना ज्या खेळाडूसाठी ते पहिल्यांदा घडवलं, त्याच्या आडनावाचं पहिलं अक्षर घेते. ‘सी’ हा होझे कार्डेनाल या खेळाडूचा, आणि ‘सी’वरून आडनाव असलेल्यांसाठी घडवलेलं हे २७१ वं मॉडेल. जुन्या काळातला गाजलेला अमेरिकन बेसबॉलपटू बेब रूथच्या एका बॅटचं नाव असंच आर ४३. मला सगळ्यात आवडते ती पी ७२ ची गोष्ट. ती लेस पिंकहॅम या खालच्या लीगमधल्या खेळाडूसाठी बनली, पण गाजवली डेरेक जीटर या नामवंत बेसबॉलपटूने. २०१४ मध्ये जीटर निवृत्त झाला तेव्हा कंपनीने ते नावच त्याच्या मानासाठी बंद केलं. म्हणजे हा कोड बॅटचा आकार सांगतो. मूठ किती बारीक, पुढचा भाग किती जाड, एवढंच.

३३ ही इंचातली लांबी, साधारण ८४ सेंटीमीटर. वजन लाकडी बॅटवर बऱ्याचदा छापलेलं नसतं. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून बघा. ३१ औंसाची बॅट ८८० ग्रॅमच्या आसपास भरते. नववीतल्या मुलाला ती जड वाटली तर त्याच्या मनगटावर जबरदस्ती करू नका.

आता ठिपक्याकडे या, कारण जपायची गोष्ट ती आहे. २००८ मध्ये अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वात वरच्या बेसबॉल स्पर्धेत, मेपल झाडाच्या लाकडाच्या बॅटी तुटून तुकडे उडायला लागले, म्हणून लाकडाची तपासणी झाली. त्यातून हा ठिपका आला. शाई लाकडाच्या रेषेच्या दिशेने पसरते. ती बॅटच्या लांबीला समांतर पसरली असेल तर रेषा सरळ आहे. तिरपेपणा ३ अंशांपेक्षा जास्त नको. भिंग घेऊन मुलाला स्वतः बघू द्या.

आणि शिक्का. मी ३१ वर्षं मिरजेत पीटी शिकवली. सुरुवातीच्या काळात आम्हाला उसनी मिळालेली एक लाकडी बॅट होती. कंपनीचं नाव गोलंदाजाला दिसावं, असं मीच एका पोराला सांगितलं. तिसऱ्याच चेंडूला बॅट मुठीजवळ फुटली. उसाची साल सोलताना निघते तशी लांब चीर गेली आणि एक फाक तिसऱ्या बेसपर्यंत उडाली. कुणाला लागलं नाही, पण ते आठवलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो. चेंडू बॅटला लागतो त्या क्षणी शिक्का आभाळाकडे किंवा जमिनीकडे हवा, चेंडूकडे कधीच नको. त्या बाजूने लाकूड कमजोर असतं. हे मुलाकडून रोज दहा वेळा नुसतं धरून करून घ्या, चेंडूशिवाय.

एक खबरदारी राहिली. सॉफ्टबॉलच्या सामन्यात ही बॅट चालणार नाही. तिथे जाडी २.२५ इंचांपेक्षा जास्त चालत नाही, बेसबॉलची बॅट २.६१ इंचांपर्यंत असते. पंच बघतील तेव्हा पोराचा हिरमोड होईल, आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : दुकानदाराने दाखवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या बॅटवर ‘३२/२२’ आणि ‘−१०’ लिहिलं आहे. पुतण्या पंधरा वर्षांचा आहे. घ्यावी का? – एक काका, तासगाव

उत्तर : लांबी ३२ इंच, वजन २२ औंस, म्हणजे सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास. इंचातून औंस वजा केले की उणे १०. ही फरकाची खूण. जेवढा फरक जास्त, तेवढी बॅट हलकी. अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजच्या बेसबॉलमध्ये हा फरक ३ पेक्षा जास्त चालत नाही आणि धातूच्या बॅटवर ‘बीबीसीओआर .५०’ असा शिक्का लागतो. चेंडू बॅटवरून किती जोरात उसळतो, त्याची ही मर्यादा. तुमच्या पुतण्याला पुढे मोठ्या स्पर्धा खेळायच्या असतील तर हलक्या बॅटची सवय लागू देऊ नका. पैसे देण्याआधी त्याच्या प्रशिक्षकांना ती हातात घेऊन बघू द्या, आणि स्पर्धेच्या नियमपत्रकात बॅटबद्दल काय लिहिलंय तेही विचारून घ्या.