पोलंडमधल्या क्राकोमध्ये एकच दिवस आहे, जुने बाजारचौक कसे बघावेत?

रिनेक ग्वुव्नी या मुख्य चौकात सकाळी लवकर जा, नंतर नुसती गर्दी. १२५७ साली आखलेला हा चौक प्रत्येक बाजूला साधारण २०० मीटर आहे. मधोमध सुकिएनित्से, म्हणजे जुना कापडबाजार. आता तिथे अंबरचे दागिने नि भेटवस्तू. खरेदीपेक्षा इमारतच बघा. सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला तुतारी वाजते आणि सूर मध्येच तुटतो, तेवढं ऐकाच. चौकाच्या पोटातलं संग्रहालयही सोडू नका, मध्ययुगीन बाजाराचे अवशेष तिथेच दिसतात. चौकात जेवू नका, उगाच महाग. काझिमिएश भागातल्या प्लात्स नोवी या चौकात गोल इमारतीच्या खिडक्यांतून झापिएकांका मिळतो: लांब पावावर मशरूम-चीज. शाकाहारींचीही सोय होते.