पॅच लावलेला असूनही रिपोर्ट निगेटिव्ह? आधी किट कसलं होतं ते विचारा

ताई, सासऱ्यांना कॅन्सरच्या दुखण्यासाठी फेंटॅनिलचा पॅच, लघवीचा रिपोर्ट मात्र ‘ओपिएट निगेटिव्ह’ (म्हणजे अफूपासूनची मॉर्फिनसारखी औषधं सापडली नाहीत), आणि दवाखाना विचारतोय की पॅच जातात कुठे. वाचताना आमच्या अण्णांचे दिवस आठवले, म्हणून सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही, औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच.

पॅच नीट लागलाय आणि रिपोर्टही निगेटिव्ह, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. साधं किट मॉर्फिन ओळखण्यासाठी बनवलेलं असतं. कोडीन त्यात सापडतं, हेरॉइनचं शरीरात मॉर्फिन होतं म्हणून तेही सापडतं. फेंटॅनिल, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल यांची घडणच वेगळी, ती त्या किटला दिसत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी तपासणी मागावी लागते.

इंदुरातल्या ज्या सेंटरला आम्ही जायचो (नाव लिहीत नाही), तिथे हे ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हतं. “रिपोर्ट में नहीं है तो नहीं है.” संशय फिटेपर्यंत पॅच बंद! अण्णांना घाम, जुलाब, सारख्या जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, आणि वर मूळ दुखणं होतंच. किट काय काय ओळखतं हे त्याच्याच माहितीपत्रकात छापलेलं असतं, ते कोणी उघडलं नाही. सगळ्यात महागात पडलं ते पुढचं: पक्की तपासणी करा म्हणून आम्ही अर्ज दिला, तर नमुना केव्हाच फेकून दिलेला. आजारी माणसाच्या प्रामाणिकपणावर शंका घ्यायची आणि पुरावाही ठेवायचा नाही, हे मला आजही सहन होत नाही.

म्हणून आजच लेखी द्या, पोच घ्या: नमुना फ्रीजमध्ये जपून ठेवा, आणि एलसी-एमएस/एमएस पद्धतीने (प्रत्येक औषध नेमकं ओळखणारी पक्की तपासणी) फेंटॅनिल व नॉरफेंटॅनिल तपासा. फेंटॅनिलचं शरीरात रूपांतर होऊन नॉरफेंटॅनिल तयार होतं, त्यामुळे ते सापडलं की औषध अंगात गेल्याचं सिद्ध होतं. नमुना गेला असेल तर पॅच अंगावर असतानाच नवा द्या. पॅचची रिकामी पाकिटं, पर्च्या, चालू औषधांची यादी सोबत न्या. आणि निकाल येईपर्यंत पॅच एकदम काढू देऊ नका, यावर माझं मत ठाम आहे. साधं किट पुढची तपासणी करायची का, एवढंच सांगतं. त्यावरून कोणाचं औषध तोडू नये.

उलटंही होतं. नोकरीसाठी तपासणी असणाऱ्यांनी आधीचे काही दिवस अनारसे, खसखशीची ठंडाई टाळावी. खसखशीत मॉर्फिन-कोडीनचा अंश असतो. याच कारणाने अमेरिकेत सरकारी तपासणीत पॉझिटिव्ह धरायची मर्यादा १९९८ मध्ये ३०० वरून २००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर केली. लेव्होफ्लॉक्सासिन, रिफाम्पिसिननेही साधं किट चुकीचं पॉझिटिव्ह येऊ शकतं.

अजून एक, पॅचवर गरम पाण्याची पिशवी कधीही ठेवू नका. उष्णतेने औषध जास्त वेगाने अंगात शिरतं, श्वास मंदावू शकतो.