काऊचं घर खरंच वाहून जाऊ दे

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. वाचनालयात दर शनिवारी छोट्यांसाठी गोष्टींचा तास सुरू करते आहेस, हे वाचून फार आनंद झाला. तुझी यादी बघितली. पाऊस, प्राणी, फळं, वाहनं. नीट आखली आहेस, पण तिच्यात मला गोष्ट सापडेना. 'पाऊस' हा नुसता विषय झाला. पावसात काऊचं घर वाहून गेलं, ही गोष्ट झाली. आधी गोष्ट धर. विषय तिच्यामागून येतो, आणि हस्तकला तर तिच्या पोटातूनच यायला हवी.

पहिल्या वर्षी मला हे कळलं नव्हतं. पावसाच्या तासाला मी घोटीव कागदाच्या छत्र्या करायला घेतल्या. साडेतीन वर्षांच्या बोटांना ती घडी जमेना. शेवटी छत्र्या आयांनी केल्या, पोरं सतरंजीवर लोळत राहिली आणि गोष्ट कुणाच्याच लक्षात राहिली नाही. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

आता काऊ-चिऊची गोष्ट मी अशी घेते. "काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं" इथपर्यंत सांगते आणि थांबते. प्रत्येकाला एक जाड कागद देते. डाव्या अर्ध्या भागात चिऊचं घर, मेणाच्या खडूने, चांगलं दाबून. उजव्या अर्ध्या भागात काऊचं, साध्या स्केचपेनने. (स्केचपेन आदल्या दिवशी पाण्यात तपासून घे, काहींचा रंग हलत नाही.) मग म्हणायचं, "आणि एके दिवशी आला मोठ्ठा पाऊस!" वाटीतलं पाणी बोटांनी कागदावर शिंपडायचं. मेणावर थेंब गोळा होतात आणि ओघळून जातात. काऊच्या घराचा रंग मात्र विरघळतो, पसरतो. क्षणभर सगळी गप्प होतात. मग कुणीतरी ओरडतं, "गेलं! वाहून गेलं!" उरलेली गोष्ट त्यानंतर सांगायची. तेव्हा काऊ दार ठोठावतो ते त्यांना अगदी आतून ऐकू येतं.

एकदा चार वर्षांची एक मुलगी त्या डागावर फुंकर घालत बसली. कागद वाळल्यावर तिने मेणाचा खडू घेतला आणि काऊला नवं घर काढून दिलं. पुढे माझं एक गाणं ठरलेलं होतं, ते मी सोडून दिलं. तूही अशा वेळी घड्याळाकडे बघू नकोस. 'यावरून काय शिकलो' हे तर विचारूच नकोस.

सामान फार आणू नकोस. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डी या गावी लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे त्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ जवळच्या कोसबाडला गेल्या. आदिवासी मुलांसाठी त्यांनी शिकवण्याची साधनं आसपास मिळणाऱ्या वस्तूंतूनच केली. पोळ्याच्या आठवड्यात तुला माती पुरेल. बैलाच्या डोळ्यांना ज्वारीचे दाणे लावायचा मोह होईल, पण धाकटी भावंडं सोबत येतात आणि दाणे नाकात घालतात. डोळे काडीने टोचून काढू देत.

आणखी दोन गोष्टी. आपण केलेला नमुना आधी दाखवू नकोस, मुलं आपलं सोडून तोच उतरवायला बसतात. आणि ओली फडकी मुलांच्या संख्येइतकी ठेव. बारा मुलांत दोन फडकी असली की अर्धा तास रांगेतच जातो.

भोपळ्यातल्या म्हातारीला काय करायचं, असं विचारलं आहेस. दोन कागदी वाट्या तोंडाला तोंड लावून एका बाजूने चिकटव, म्हणजे भोपळा उघडतो, मिटतो. म्हातारी मात्र मुलांना स्वतःच काढू दे, कशीही. भोपळा घरी जाईल आणि रात्री आजोबांना गोष्ट सांगावी लागेल. आजोबा कुठे चुकले तर ओरडाही बसेल त्यांना.

पहिला शनिवार झाला की एखादा वाळलेला कागद मला पाठव. काऊचं घर किती पसरलं ते बघायचं आहे.

तुझी,
ताई