किमो सुरू असताना तोंड येतं, गिळवतही नाही. घरी काय करता येईल?

1 लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात 1 लहान चमचा मीठ आणि 1 लहान चमचा खायचा सोडा घाला. बेकिंग पावडर नव्हे. गडबड नेमकी इथेच होते. दिवसातून 4–6 वेळा गुळण्या करून थुंकून टाका, पाणी रोज नवं करा. अल्कोहोल असलेला माउथवॉश नकोच, सोललेल्या कातडीची आग होते. ब्रश अगदी मऊ हवा. वरणभात चालेल, पण गार करून आणि बिनमिरचीचा.

5-एफयू या किमोच्या औषधाचं इंजेक्शन थेट शिरेत झटक्यात देणार असतील तर त्याआधी 5 मिनिटं बर्फ चघळायला लागा, एकूण अर्धा तास. गारव्याने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथे कमी पोचतं. साधा उपाय, पण खरोखर उपयोगी. मात्र सोबत ऑक्सालिप्लाटिन हे किमोचं दुसरं औषध असेल तर बर्फ नको, थंडाने घशात आवळल्यासारखं होतं.

जिभेवर दह्यासारखा पांढरा थर दिसला तर ती बहुधा बुरशी. तिला वेगळं औषध लागतं. ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला तर मात्र गुळण्या राहू द्या. पॅरासिटामॉल घेऊन वाट पाहू नका, रात्र असली तरी लगेच हॉस्पिटल गाठा.